शब्दचर्चा: वीरगळ, गधेगाळ आणि त्यांतला 'गळ'

आमच्या फाट्यावर रस्त्याला लागूनच दोन कोरीव दगड आहेत. एकावर कप्पे पाडून खाली आडवा पडलेला माणूस, मग ढाल-तलवारवाले, गाई आणि अगदी वर शिवलिंग. दुसऱ्यावर चंद्र-सूर्य, मधे झिजलेली अक्षरं आणि खाली गाढव. तिथे माहितीफलक लावायचं घाटतंय. मसुद्यात एकाने 'वीरगळ व गधेगळ' लिहिलंय, दुसऱ्याने 'गधेगाळ'. बरोबर काय? आणि दोन्हीकडचा 'गळ' एकच का?

——

एक नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

वीरगळ कानडीतून आला. कानडीत 'कल्' किंवा 'कल्लु' म्हणजे दगड. समासात 'क'चा 'ग' होतो, म्हणून वीरगल्लु. लढून पडलेल्या वीराचा दगड, बस. मासे धरायच्या गळाशी किंवा गळ्याशी काही नातं नाही.

गधेगाळातली गाळ मात्र आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे. 'शिवीगाळ' म्हणतो ना, तीच. संस्कृत 'गालि', त्यावरून गाळ, गाळी. हे दगड दानाचे असतात: राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन, उत्पन्न दिलं, आणि जो कोणी हे मोडील त्याच्या आईला गाढव लागो, असा शाप खाली कोरला. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रही काढलं. परळला सापडलेला इ.स. 1187 चा, कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या अपरादित्य राजाच्या काळातला लेख या जातीचा. त्यात ही शिवी चक्क मराठीत आहे, सभ्य शब्द न शोधता. तो आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. अलिबागजवळच्या आक्षीचा लेखही गधेगाळांतच धरतात, जुन्या मराठी लेखांचे अभ्यासक शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके 934 चा (इ.स. 1012), म्हणजे मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी.

तेव्हा 'वीरगळ' ऱ्हस्व, 'गधेगाळ' दीर्घ. 'गधेगळ' छापून येतं, नाही असं नाही, पण ते वीरगळाच्या वजनावर ओढून आणलेलं वाटतं.

——

कानडीत 'ल' आहे तर आपल्याकडे 'ळ' कुठून आला?

——

फल-फळ, काल-काळ, जल-जळ. दोन स्वरांमधल्या एकट्या 'ल'ला मराठी सोडत नाही. कानडीत 'ळ' असूनही त्यांनी इथे 'ल' ठेवला, आपण बदलला.

——

पण 'गधेगाळ' वाचून लोकांना नदीतला गाळ आठवणार. शिवाय शाळेची मुलं येणार फलक वाचायला. 'गर्दभशाप' बरं नाही का?

——

माझं मत विचाराल तर नाही. ज्याने दगड उभा केला त्याला लोकांनी बिचकावं हेच हवं होतं. त्याला सोवळं नेसवून काय मिळवायचं? कंसात 'शापाचा दगड' लिहा, मुलांना तेवढं पुरे. चित्राचं स्पष्टीकरण गुरुजी देतील किंवा देणार नाहीत.

——

गावात 'वीरगळ' म्हणणारं कोणी भेटत नाही हेही लक्षात घ्या. शेंदूर लागला की तो देव, नाही लागला तर दगड. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी नुसतं 'वीर' आहे. कोकणात 'चिरा' ऐकलाय. 'ना चिरा ना पणती' म्हणतो त्यातला. बाकी चिरा घराच्या जोत्यालाही लागतो, त्यामुळे फलकावर तो एकटा चालणार नाही.

आणि सगळे वीर गाई सोडवताना पडले असंही समजू नका, माहितीफलकांवर ते वाक्य उठसूट असतं. तुमच्या दगडावर गाई आहेत, तुम्ही खुशाल लिहा. बोरिवलीत एक्सरच्या वीरगळांवर वल्ह्यांची गलबतं आहेत, समुद्रातली लढाई. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या 1265 च्या आसपासच्या संघर्षाशी ती जोडतात. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा. तीही पुष्कळदा वीरगळ म्हणून खपते.

——

तो वीरगळ की ती वीरगळ?

——

दोन्ही चालू आहे. 'वीरगळ सापडला' लिहिणारे आहेत आणि 'वीरगळी' असं अनेकवचन करणारेही. मी दगड मनात धरून पुल्लिंगी करतो: एक वीरगळ, चार वीरगळ. गधेगाळ मात्र शिवीगाळीसारखी स्त्रीलिंगी: ती गधेगाळ, तिच्यावरची अक्षरं. पण दोन लिंगं एकाच फलकावर आली की कोणीतरी खडूने दुरुस्त करून जाणार, त्याची तयारी ठेवा. अक्षरांचे ठसे कुणा जाणकाराकडून आधी घेऊन ठेवा, आणि फलकाचा खांब रोवताना खड्डा दगडांपासून लांब खणा. त्यांचा बराच भाग जमिनीत असतो.