अंग बाहेर येण्यावर शस्त्रक्रिया : पिशवी काढली की दुरुस्ती पूर्ण होते का?

वाईकर_लेक :
माझ्या आईचे वय ६४ आहे. तिने जन्मभर शेतात कष्ट केले आणि तिची चारही बाळंतपणे घरीच झाली. तिचे अंग बाहेर येते, म्हणजे गर्भाशयाची पिशवी खाली सरकून योनीतून बाहेर येते, ही गोष्ट तिने आम्हा भावंडांना अनेक वर्षे कळू दिली नाही. लुगड्याला घासून तिथे जखम झाली तेव्हा ती प्रथमच बोलली. डॉक्टरांनी तिसऱ्या टप्प्याचा त्रास असल्याचे सांगून खालून पिशवी काढण्याचा सल्ला दिला आहे. मात्र आमच्या मावशींची पिशवी काढल्यानंतरही काही वर्षांनी त्यांना पुन्हा तोच त्रास सुरू झाला. पिशवीच नसेल, तर खाली येते ते नेमके काय? आणि सैल भागाला आधार देणारी कृत्रिम जाळी बसवून घेणे योग्य ठरेल का?

स्त्रीरोगतज्ज्ञ_कोल्हापूर :
ताई, आपला प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. या आजारात गर्भाशय बहुधा निरोगीच असते. सैल झालेले असतात ते त्याला वर धरून ठेवणारे बंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू. त्यामुळे गर्भाशय काढले, पण योनीचा वरचा टोकाकडचा भाग कशालाही बांधला नाही, तर तोच भाग पुढे खाली उतरतो. त्याच्यासोबत पुढून मूत्राशय, मागून गुदाशय किंवा वरून आतडेही खाली येऊ शकते. मावशींच्या बाबतीत असेच घडले असण्याची शक्यता आहे.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना विचारा, की पिशवी काढल्यावर वरचे टोक कशाला बांधणार? ते गर्भाशयामागच्या बंधांना बांधता येते किंवा कमरेच्या आतील एका मजबूत बंधाला टाके घालून स्थिर करता येते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत या दोन्ही पद्धतींचे दोन वर्षांनंतरचे निकाल जवळपास सारखेच आढळले, त्यामुळे शल्यविशारदाचा हात ज्या पद्धतीत बसलेला आहे, ती निवडण्यास माझी हरकत नसते. पुढची आणि मागची भिंत सैल असेल, तर तिची दुरुस्ती त्याच वेळी करतात.

जाळीबाबत मी स्पष्ट बोलतो. योनीमार्गातून बसवायची जाळी आपल्या आईसाठी मी सुचवणार नाही. ती उघडी पडणे, वेदना होणे, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, अशा तक्रारींनंतर अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०१९ मध्ये या आजारासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. पोटातून जाळी लावून योनीचे टोक त्रिकास्थीला (कण्याच्या तळाच्या हाडाला) बांधण्याची शस्त्रक्रिया निराळी आहे आणि ती आजही केली जाते.

आधी मात्र जखम भरू द्या. अंग आत ढकलून औषधी पट्टी ठेवतात आणि योग्य वाटल्यास इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे मलम देतात. जखम भरत नसेल, तर तेथील तुकडा तपासणे आवश्यक आहे.

सांगलीची_सुमन :
माझी ही शस्त्रक्रिया झाली आहे. चालताना सतत जाणवणारे ओझे गेले, याचे समाधान मोठे आहे. तरी एक गोष्ट आधी विचारून घ्या : अंग बाहेर असताना मूत्रमार्ग दुमडलेला राहतो आणि ते वर बसवल्यावर काही बायकांना खोकताना लघवी गळू लागते. माझ्या डॉक्टरांनी अंग आत ढकलून, मला खोकायला लावून ही तपासणी आधीच केली होती. घरी आल्यावर आईंना घागर उचलू देऊ नका, बद्धकोष्ठता होऊ देऊ नका आणि जुना खोकला असेल तर त्यावर आधी उपचार करा. बाई हिंडू-फिरू लागली की घरातील माणसे तिला बरी झाली असे समजतात. आतले टाके भरायला त्याहून बराच अधिक काळ लागतो.

अनामिका_लातूर :
माझी वहिनी ३१ वर्षांची आहे आणि तिला अजून मूल हवे आहे. तिलाही पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला आहे. दुसरा उपाय नाही का?

स्त्रीरोगतज्ज्ञ_कोल्हापूर :
आहे, आणि दुसरे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. गर्भाशय राखून ते पट्टीने वर बांधण्याच्या शस्त्रक्रिया आपल्याकडच्याच डॉक्टरांनी विकसित केल्या. गोव्यात जन्मलेल्या डॉ. विठ्ठल शिरोडकरांच्या पद्धतीत गर्भाशयाचे मुख मागे त्रिकास्थीच्या बाजूला बांधतात, तर पुरंदरे पद्धतीत ते पोटाच्या पुढच्या भिंतीतील पडद्याला बांधतात. तिला मूल कधी हवे आहे, हे डॉक्टरांना सांगा. पुढील बाळंतपणाचा विचार करूनच शस्त्रक्रियेची वेळ ठरवावी लागते. तोवर ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

वाईकर_लेक :
डॉक्टर, आपले मनःपूर्वक आभार. आईला मधुमेह आहे आणि साखर अद्याप आटोक्यात नाही. शस्त्रक्रिया लांबली, तर तोवर काय करावे?

स्त्रीरोगतज्ज्ञ_कोल्हापूर :
जखम भरल्यानंतर अंग वर धरून ठेवणारी, मापाची सिलिकॉनची रिंग योनीत बसवून घेता येईल. ती ठरलेल्या मुदतीने काढून, धुऊन, योनीची तपासणी करून पुन्हा बसवावी लागते; विसरून वर्षानुवर्षे आत राहिलेली रिंग रुतते, म्हणून तारीख घरातील कोणीतरी लक्षात ठेवली पाहिजे. साखर आटोक्यात आली की शस्त्रक्रियेची तारीख घ्या. रिंगमुळेच आईंना पुरेसा आराम वाटला, तर शस्त्रक्रिया करायची की नाही हे त्यांनाच ठरवू द्या.