मदत हवी आहे: एमआर थर्मोमेट्रीत न तापवताच तापमान चढतंय

नमस्कार मंडळी. मेडिकल फिजिक्सच्या प्रोजेक्टमध्ये अडकलेय. फोकस्ड अल्ट्रासाउंडने गाठ जाळताना आतलं तापमान एमआरआयवर मोजतात, त्याचाच छोटा प्रयोग अगारच्या फँटमवर (शरीराऐवजी वापरायचा जेलीसारखा नमुना) करतेय, ३ टेस्लाच्या चुंबकात.

पाण्यातल्या प्रोटॉनची वारंवारता दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०१ पीपीएमने (दशलक्षांश) घटते, म्हणजे इथे जेमतेम १.२८ हर्ट्झ. एको टाइम (पल्स दिल्यापासून सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) १० मिलिसेकंद धरला तर सिग्नलची फेज, जिच्यावरून तापमानाचा नकाशा काढते, सुमारे ४.६ अंशांनी बदलते. (हे अंश कोनाचे! माझा पहिला घोटाळा तिथेच झाला.)

अडचण अशी की फँटम थंडगार असतानाही अर्ध्या तासात नकाशा चार अंश चढलेला दिसतो. चुंबकीय क्षेत्राचा ड्रिफ्ट (हळूहळू सरकणं) असणार. पण ४३ अंशांच्या वर दर अंशाला पेशी मारायला लागणारा वेळ निम्मा होतो, म्हणजे चार अंशांची चूक उष्णतेच्या डोसमध्ये सोळापट! एवढी चूक खपवून घेता येणार नाही.

चरबीची वारंवारता तापमानाने फारशी हलत नाही, म्हणून फँटमभोवती शेंगदाणा तेलाच्या चार बाटल्या ठेवल्या आणि त्यांची फेज वजा केली. मधला भाग सुधारला, कडेला मात्र दीड अंश उरतोच.

आता प्रश्न: बाटल्यांच्या फेजमधून सपाट प्रतल बसवतेय, त्याऐवजी दुसऱ्या घाताचा पृष्ठभाग बसवू का? चार बिंदूंवर तो कसा बसणार, बाटल्या वाढवू? आणि स्तनासारख्या चरबीच्या अवयवात ही पद्धत लंगडी पडते, तिथे टी२ (सिग्नल विरण्याचा कालावधी) वरून तापमान कुणी काढलंय का? कोड पायथनमध्ये आहे, दाखवू शकते.