डीएलएड इंटर्नशिप: पहिलीच्या एका वर्गात चार भाषा, पाठ घ्यायचा कसा?

पिंपळपान_नाशिक: नमस्कार, मी डीएलएड (प्राथमिक शिक्षकांची पदविका) दुसऱ्या वर्षाला आहे, इंटर्नशिप सातपूरच्या बाजूला मराठी शाळेत, वर्ग पहिली. एमआयडीसीत कामाला आलेल्या यूपी-बिहारवाल्यांची मुलं घरी भोजपुरी-हिंदी बोलतात, सटाणा-कळवणकडची अहिराणी, आणि सुरगाण्याची एक मुलगी कोकणी बोलते, ती वर्गात तोंडच उघडत नाही. पाठाच्या टाचणात (आधी लिहायच्या आराखड्यात) हेतू, साहित्य, मूल्यमापन सगळ्याला रकाना आहे, मूल घरी काय बोलतं याला नाही. विविधतेवर नोट्स भरपूर मिळाल्या पण वर्गात उभं राहून नक्की करायचं काय?

डोंगरवाट: ताई, मी सुरगाण्यात झेडपी शाळेवर आहे. ही कोकणी गोव्याची नाही बरं का, कोकणा समाजाची, पलीकडे गुजरातच्या डांगातही बोलतात. मुलगी गप्प आहे म्हणजे तिला काही येत नाही असं अजिबात धरू नका. आधी वाचन मागूच नका, चित्र दाखवा, तिच्या बोलीत सांगू द्या आणि ती बोलेल तेच फळ्यावर देवनागरीत लिहा, अक्षरं त्यातूनच शिकवा. नागलीची भाकर, डोंगऱ्या देव असले विषय काढा, बघा कशी बोलते ती. आणि द्राक्षाच्या हंगामात इकडची माणसं दिंडोरी-निफाडला मजुरीला जातात, पोरं सोबत असतात, तेव्हा गैरहजेरी दिसली की आधी घरी चौकशी करा, शेरा नंतर.

गोदाकाठ: पटतंय, पण केंद्राच्या निपुण भारत अभियानाचं काय? तिसरीपर्यंत समजून वाचता आलं पाहिजे, शाळा मराठी म्हणजे चाचणी मराठीतच. पालकही विचारतात मराठी कधी शिकवणार म्हणून.

अध्यापक_विद्यालय: सर, घरच्या बोलीतून सुरुवात केली म्हणजे मराठी सोडली असं होत नाही, उलट गोष्ट आधी बोलीत कळली की मराठीतलं वाक्य पटकन उचलतात. आरटीई २००९ च्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २९ मध्येही शक्य तिथं मातृभाषेतून शिकवावं असंच आहे. माझं म्हणणं एवढंच की छात्राध्यापकांना पाठ घ्यायच्या आधी वस्तीत पाठवा, आईबापांशी बोलू द्या, कोण कुठून आलंय, घरी कोण काय बोलतं ते वहीत लिहू द्या आणि टाचण त्यानंतर काढायला सांगा. आम्ही प्रशिक्षणात हे शेवटी उरलेल्या वेळात उरकतो, तिथंच सगळं बिघडतं.

पिंपळपान_नाशिक: धन्यवाद सर. टाचण थांबवते, शनिवारी शाळा सुटल्यावर वस्तीत जाऊन येते. डोंगरवाट सर, कोकणीतली लहान मुलांची गाणी तुमच्याकडं असतील तर इथंच टाकाल का?