होर्मुझ बंद होणार म्हणतात. इराण खरंच करील का, आणि कशावरून ओळखायचं?

मिरकरवाडा_धक्का · २२ जून २०२५, रात्री ९.४०

मासेमारी बंदीचे दिवस, होड्या शाकारून ठेवलेल्या, त्यामुळे धक्क्यावर गप्पांना वेळच वेळ. आज एकच विषय आहे. पहाटे अमेरिकेने इराणच्या फोर्दो अणुकेंद्रावर बाँब टाकले आणि दुपारनंतर बातमी आली की इराणच्या संसदेने होर्मुझची सामुद्रधुनी, म्हणजे इराणच्या आखाताचं अरुंद तोंड, बंद करायला मंजुरी दिली. एक गट म्हणतो उद्या पाणसुरुंग पडणार, दुसरा म्हणतो नुसता दम आहे. एकाने जहाजांचा नकाशा फिरवलाय. त्यात टँकर चक्क जमिनीवर गोल गोल फिरताना दिसतात, आणि म्हणे हाच पुरावा की सामुद्रधुनी बंद झाली.

जाणकारांना विचारायचं आहे:
इराणच्या मनात काय असावं, हे बाहेर बसून ओळखता येतं का? या नकाशाला अर्थ आहे का? इथल्या कितीतरी पोरांचं जहाजावरचं जॉइनिंग अमिरातीतल्या फुजैरा बंदरात असतं, त्यांनी काय बघावं? आणि १ ऑगस्टला बोटी सुटतील तेव्हा डिझेलचं काय?

दाभोळखाडी · २२ जून, रात्री ११.१५

नकाशापासून सुरू करतो, कारण घोळ तिथेच जास्त आहे.

जहाजाचा एआयएस (जहाजाचं नाव आणि जागा आसपास कळवणारा ट्रान्समीटर) स्वतः जागा शोधत नाही. जीपीएसने दिलेली जागाच तो पुढे प्रसारित करतो. जीपीएसला खोटा सिग्नल मिळाला की जहाज नकाशावर विमानतळावर नाहीतर वाळवंटात दिसतं. १३ तारखेला इस्राएल-इराण युद्ध सुरू झालं, तेव्हापासून त्या पट्ट्यात जॅमिंग, म्हणजे जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम केलेला गोंधळ, जोरात आहे. म्हणजे गोल फिरणारे टँकर जॅमिंगचा पुरावा आहेत, बंदीचा नव्हेत. उलट त्यातून एवढं कळतं की जहाजं अजून तिथे आहेत आणि एआयएस चालू आहे.

जॅमिंगचा खरा धोका वेगळाच. १७ जूनला ओमानच्या आखातात 'फ्रंट ईगल' आणि 'अडालिन' हे दोन टँकर एकमेकांवर आदळले. एकाला आग लागली आणि 'अडालिन'च्या २४ जणांना अमिरातीच्या तटरक्षकांनी उतरवलं. लगेच इकडे 'इराणचा हल्ला' म्हणून व्हिडिओ फिरले. टक्कर ती टक्करच होती.

ब्रिजवर असणाऱ्यांसाठी: जीपीएस गेला की एआयएस, एक्डिस (पडद्यावरचा नकाशा), व्हीडीआर (जहाजाचा ब्लॅक बॉक्स) आणि संकटसंदेशात आपोआप जाणारी जागा, ही चारही एकदम खोटी होतात. रडार आणि जायरो होकायंत्र चालू राहतात. दक्षिणेला ओमानच्या मुसंडम द्वीपकल्पाचे कडे रडारवर झकास उठतात, तेव्हा त्यांच्यावरून रेंज आणि बेअरिंग घ्या, पॅरलल इंडेक्स (किनाऱ्यापासूनचं अंतर राखायची रडारवरची रेघ) लावून ठेवा, एक्डिस डीआरवर (वेग आणि दिशेवरून जागेचा अंदाज) टाका. डीएससीमध्ये (संकटसंदेश पाठवणारा रेडिओ) जागा हाताने भरा आणि जास्तीत जास्त चार तासांनी बदला. समोरच्या जहाजाचा एआयएस बघून टक्कर टाळायला जाऊ नका, त्याचाही खोटाच असेल.

आता भूगोल. सामुद्रधुनी सर्वात अरुंद जागी २१ सागरी मैल आहे, पण मोठी जहाजं सगळीकडून जात नाहीत. आत जायची दोन मैलांची लेन, बाहेर यायची दोन मैलांची लेन, मधे दोन मैल मोकळे. उजव्या हाताने चालायचं, म्हणून आत जाणारे उत्तरेकडून आणि भरलेले टँकर दक्षिणेकडून, मुसंडमच्या अंगाने. हा मुख्य भाग ओमानच्या पाण्यात येतो. म्हणजे इराणने 'आमचं पाणी बंद' म्हटलं तरी लेन आपोआप बंद होत नाही, त्यांना दुसऱ्या देशाच्या पाण्यात जाऊन काहीतरी करावं लागेल. आत गेल्यावर इराणच्या ताब्यातल्या तुंब बेटांजवळ मात्र जहाजं इराणच्या अगदी हाताशी येतात. जहाज पकडायचं तर त्यांना ती जागा सोयीची.

हिशेबी_पेण · २३ जून, सकाळी ८.०५

संसदेची मंजुरी म्हणजे निर्णय नव्हे. शेवटचा शब्द सर्वोच्च राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा. मग ठराव कशाला? माझं मत: बोलून जेवढा भाव वाढवता येतो तेवढा करण्याआधी वाढवून घ्यायचा.

हेतू ओळखायचा तर भाषणं बाजूला ठेवून, कोणाला कशाची किंमत पडते ते बघावं. इराणचं सुमारे ९० टक्के तेल खार्ग बेटावरून याच सामुद्रधुनीतून बाहेर पडतं आणि बहुतेक चीन घेतो. सुरुंग टाकले तर पहिला धोंडा आपल्याच पायावर, दुसरा आपल्या एकुलत्या एक मोठ्या गिऱ्हाइकाच्या. म्हणून खार्गवर टँकर भरताहेत तोवर सुरुंगाच्या बातमीवर मी विश्वास ठेवणार नाही. खार्ग अचानक रिकामं झालं, किंवा भरलेले टँकर घाईघाईने बाहेर काढले, तर मात्र कान टवकारावेत.

दुसरी खूण विम्याची. लंडनच्या जॉइंट वॉर कमिटीच्या (जहाजांना धोक्याचे भाग ठरवणारी विमावाल्यांची समिती) यादीत हा भाग २०१९ पासूनच आहे, त्यामुळे 'लंडनने धोक्याच्या यादीत टाकलं' ही बातमी शिळी. दर बघा. युद्धजोखमीचा जादा प्रीमियम जहाजाच्या किमतीवर टक्क्याने, साधारण सात दिवसांसाठी घेतात. १० कोटी डॉलरच्या जहाजाला ०.२ टक्के म्हणजे २ लाख डॉलर, ०.५ टक्के म्हणजे ५ लाख. ऐकायला भयंकर. पण मोठ्या टँकरमध्ये २० लाख बॅरल मावतात, म्हणजे ५ लाखांचा प्रीमियमसुद्धा बॅरलमागे २५ सेंट. एवढ्याने कोणी धंदा थांबवत नाही. दर दोन-तीन टक्क्यांवर गेला, किंवा विमावाल्याने सकाळचा दर दुपारपर्यंतच धरला, तर आतली मंडळी खरोखर घाबरली असं समजा.

आणि हो, उघड्या खुणा मुद्दामही दाखवतात. परवा विमानांवर नजर ठेवणारे हौशी लोक सांगत होते की अमेरिकेची बी-२ बाँबफेकी विमानं पॅसिफिकवरून पश्चिमेला ग्वामकडे निघाली. ती होती फसवणूक. खरी सात विमानं पूर्वेकडून गेली आणि १४ बाँब टाकून आली. ज्यांनी 'ग्वामला पोचायला इतके तास, म्हणजे हल्ला अमुक दिवशी' असा हिशेब मांडला होता, त्यांचं गणित बरोबर होतं, विमानं चुकीची होती.

हर्णै_उधाण · २३ जून, दुपारी १.३०

पेणकर, हिशेब चोख आहे, पण 'स्वतःचं नुकसान होईल म्हणून करणार नाही' हे युद्धात पुरत नाही. ऐंशीच्या दशकातल्या इराण-इराक युद्धात इराणचं तेल याच वाटेने जात होतं, तरी १९८४ ते ८८ मध्ये दोघांनी मिळून चारशेच्या वर जहाजांवर हल्ले केले. खार्गवर इराकी विमानं यायला लागली तेव्हा इराणने तेल छोट्या फेऱ्यांनी सिर्री आणि लारक बेटांपर्यंत आणून तिथे गिऱ्हाइकाच्या जहाजात भरलं. म्हणजे मार खात, मार देत धंदा चालू. सामुद्रधुनी 'बंद' तेव्हाही झाली नाही. 'बंद की चालू' हा प्रश्नच चुकीचा आहे. किती जहाजं, कोणाची आणि काय भावाने जातात, हे विचारा.

सुरुंगांबद्दल दोन गोष्टी. २४ जुलै १९८७ ला 'ब्रिजटन' हा चार लाख टनांचा टँकर अमेरिकी युद्धनौकांच्या पहाऱ्यात असताना सुरुंगावर गेला. टँकर चालत राहिला आणि पहारेकरी युद्धनौकाच त्याच्या मागे त्याच्या पाण्यात रांग लावून गेल्या, कारण पातळ पत्र्याच्या जहाजाला तो स्फोट सोसला नसता. मग १४ एप्रिल १९८८ ला 'सॅम्युएल बी. रॉबर्ट्स' ही अमेरिकी युद्धनौका सुरुंगात सापडली. तळाला साडेचार मीटरचं भोक, दुरुस्ती सुमारे ९ कोटी डॉलर. सुरुंग १९०८ सालच्या रशियन आराखड्याचा, साखळीने बांधलेला, शिंगांचा. आसपास सापडलेल्या सुरुंगांवरचे क्रमांक आदल्या वर्षी अमेरिकेने सुरुंग टाकताना पकडलेल्या इराणच्या 'इरान अज्र' जहाजावरच्या सुरुंगांच्या मालिकेत बसले. चारच दिवसांनी अमेरिकेने इराणच्या नौदलाची दाणादाण उडवली.

म्हणून सुरुंग स्वस्त असले तरी लपून राहत नाहीत. टाकणारी बोट दिसते, क्रमांक सापडतात. शिवाय साखळी तुटली की सुरुंग कोणाच्या बंदराकडे वाहत जाईल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

त्यापेक्षा निवडून एखादं जहाज पकडणं सोपं. १३ एप्रिल २०२४ ला 'एमएससी एरिस' या मालवाहू जहाजावर इराणने हेलिकॉप्टरमधून दोरीने माणसं उतरवली, २५ पैकी १७ खलाशी भारतीय होते. मला याचीच भीती जास्त वाटते.

वेंगुर्ला_दांडा · २३ जून, दुपारी ४.१०

तात्यांनू, ह्यां सगळां खरां, पण सिलिंडराचां काय?

डिझेलची चर्चा सगळे करतात, खरी नाजूक जागा एलपीजी. कच्चं तेल भारताला रशिया, आफ्रिका, अमेरिकेतूनही मिळतं. रोज लागणाऱ्या ५५ लाखांच्या आसपास बॅरलपैकी दीड ते दोन लाखांच्या नव्हे, पंधरा ते वीस लाखांच्या घरात होर्मुझमधून येतं. (सकाळपासून एका ग्रुपवर शून्य गाळलेला आकडा फिरतोय.) विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे सुमारे साडेनऊ दिवस. तेल कंपन्यांचा साठा वेगळा, तो धरून सत्तरच्या वर दिवस होतात. तेव्हा १ ऑगस्टला पंपावर डिझेल नसेल असं नाही. भाव हा वेगळा प्रश्न.

एलपीजी मात्र निम्म्याहून जास्त आयात, आणि ती बहुतेक आखातातून. वर्षाचा खप ३ कोटी टनांच्या वर, म्हणजे रोज ८५ हजार टनांच्या आसपास. विशाखापट्टणमच्या भुयारात मावतो ६० हजार टन. एक दिवसही नाही. आखातातला गॅस दुसऱ्या वाटेने काढायची सोयही तुटपुंजी. सौदीचं तेल पाइपने तांबड्या समुद्रावरच्या यान्बूला आणि अमिरातीचं फुजैराला निघू शकतं, पण कतारच्या एलएनजीला (थंड करून द्रव केलेला नैसर्गिक वायू) होर्मुझशिवाय समुद्राची वाटच नाही. दाभोळच्या टर्मिनलवर येणारा एलएनजीही फार दिवस साठवता येत नाही, टाकीत थोडा थोडा उकळत राहतो.

दाभोळखाडी · २३ जून, संध्याकाळी ७.२०

फुजैराचं राहिलं होतं. फुजैरा सामुद्रधुनीच्या बाहेर आहे. तिथे साइन ऑन केलं म्हणजे होर्मुझमध्ये गेलात असं नाही. एजंटला एकच विचारा, पुढचा लोड पोर्ट (माल भरायचं बंदर) कुठला? रास तनुरा, मीना अल अहमदी, बसरा असेल तर आत जाणार. फुजैरातच भरून निघणार असेल तर नाही. पण बाहेर म्हणजे निर्धास्त असंही नाही. १२ मे २०१९ ला फुजैराच्या नांगरवाड्यातच चार जहाजांना स्फोटकं चिकटवली होती.

करारात आयबीएफचा (जहाज कंपन्या आणि खलाशी संघटनांचा संयुक्त मंच) उल्लेख आहे का बघा. त्यांनी एखादा भाग युद्धसदृश ठरवला असेल तर त्या करारावरच्या खलाशाला तिथे जायला नकार देता येतो, घरी पाठवायचा खर्च कंपनीचा, गेलात तर मूळ पगाराएवढा बोनस, आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची भरपाई दुप्पट. यादी बदलत असते, म्हणून जॉइनिंगच्या दिवशीची बघा. तोंडी आश्वासन घेऊ नका, मेल घ्या. नकार द्यायचा तर जहाज आत शिरण्याआधी, लेखी, कॅप्टनकडे.

'सुरुंग टाकले' असा मेसेज आला तर आधी नॅवएरिया ९ (जहाजांना इशारे देण्यासाठी आखलेला समुद्राचा विभाग) चा इशारा निघाला का पाहा (आखात त्यात येतं, आपला किनारा ८ मध्ये), मग युकेएमटीओचं (व्यापारी जहाजांना धोके कळवणारं ब्रिटिश नौदलाचं केंद्र) पत्रक. दोन्हीकडे काही नाही आणि फक्त व्हॉट्सअपवर आहे, तर सोडून द्या.

हर्णै_उधाण · २३ जून, रात्री ११.५०

कतारमधल्या अमेरिकेच्या अल उदेद तळावर इराणची क्षेपणास्त्रं. घाबरण्याआधी क्रम बघा: कतारने हवाई हद्द हल्ल्याच्या आधीच बंद केली होती. म्हणजे कुणाला तरी आधी कळलं होतं. जानेवारी २०२० मध्ये इराकमधल्या ऐन अल असद या अमेरिकी सैन्याच्या तळावर हल्ला करतानाही इराणने इराकला आगाऊ कळवलं होतं. उत्तर दिल्याचं दिसावं आणि पुढे वाढू नये, असं दुहेरी काम या पद्धतीने होतं. होर्मुझला हात लावलेला नाही.

मिरकरवाडा_धक्का · २४ जून, दुपारी १२.३०

पहाटे इराण-इस्राएल युद्धबंदीची घोषणा झाली. धक्क्यावर आता सगळेच म्हणतात, 'मी आधीच सांगितलं होतं.' पेणकर, भावाचं काय झालं?

हिशेबी_पेण · २४ जून, दुपारी २.००

ब्रेंट (ज्याच्या भावावरून जगभर कच्च्या तेलाचा भाव मोजतात ते तेल) काल सकाळी बाजार उघडताना ८१ डॉलरच्या वर गेलं होतं, दिवसअखेर साडेएकाहत्तरच्या आसपास. अल उदेदवर क्षेपणास्त्रं पडल्यानंतर भाव वाढायच्या ऐवजी पडला, म्हणजे बाजाराने हर्णैकरांसारखाच अर्थ लावला. पण मी लगेच 'दम होता' म्हणणार नाही. ठराव मागे घेतल्याचं कुठे वाचलं नाही, आणि जॅमिंग आज बंद झालं असंही नाही. तुमच्या त्या नकाशावर टँकर अजून जमिनीवर फिरताना दिसतील.

विम्याचा दर खाली यायला भावापेक्षा जास्त दिवस लागतात. तोवर आत जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला सात दिवसांचा जादा प्रीमियम भरावाच लागणार.