मदत हवी आहे : ‘प्रॉक्सी सर्व्हर’मधील प्रॉक्सी नेमका कोणाचा?

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी हिशेब विभागाचे काम पाहतो. आमच्या कार्यालयात अलीकडे प्रॉक्सी सर्व्हर बसवला असून, प्रत्येकाला ब्राउझरच्या सेटिंगमध्ये त्याचा पत्ता आणि ३१२८ हा पोर्ट क्रमांक भरावा लागतो. ही व्यवस्था कर्मचाऱ्यांना समजावून सांगणारे मराठी टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे आणि पहिल्याच वाक्यात, संज्ञेच्या अर्थापाशी, मी अडलो आहे.

प्रॉक्सी मला माहीत आहे तो कंपनीच्या सर्वसाधारण सभेतला. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १०५ नुसार सभासद आपल्या वतीने दुसऱ्या व्यक्तीला सभेस पाठवू शकतो. मात्र त्या व्यक्तीला सभेत बोलण्याचा अधिकार नसतो आणि पोल, म्हणजे मतांची रीतसर मोजणी, घेतला गेला तरच मत देता येते. (महाविद्यालयात मित्राची हजेरी लावण्याचा प्रॉक्सी टिपणात आणू नये, असे साहेबांनी आधीच बजावले आहे.) संगणकातला प्रॉक्सी याच अर्थातून आला का, आणि कधी? आमचा राउटरही सर्वांच्या वतीने इंटरनेटशी व्यवहार करतो, मग त्याला प्रॉक्सी का म्हणत नाहीत? ‘रिव्हर्स प्रॉक्सी’मध्ये उलटे काय असते? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मूळ एकच आहे. दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहणे या अर्थाच्या लॅटिन ‘प्रोकुरारे’पासून इंग्रजीत ‘प्रॉक्युरसी’ आला आणि त्याचे आखडलेले रूप म्हणजे प्रॉक्सी. संगणकशास्त्रात १९८६ मध्ये मार्क शापिरो यांनी वितरित, म्हणजे अनेक यंत्रांवर मिळून चालणाऱ्या, प्रणालींसाठी ‘प्रॉक्सी तत्त्व’ मांडले. त्यांचा प्रॉक्सी हा दूरच्या यंत्रावरील सेवेचा जवळचा प्रतिनिधी होता. म्हणजे तो सेवेच्या बाजूचा होता, सेवा मागणाऱ्याच्या नव्हे.

वेबवर ही बाजू पालटली. संस्था आपले अंतर्गत जाळे फायरवॉलच्या, म्हणजे बाहेरची ये-जा अडवणाऱ्या संरक्षक व्यवस्थेच्या, आड ठेवत असल्याने आतल्या यंत्रांना बाहेरच्या वेब सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येत नव्हते. त्यांच्या मागण्या स्वतःकडे घेऊन बाहेरून उत्तर आणून देणाऱ्या यंत्राचे वर्णन आरी लुओटोनेन आणि केव्हिन आल्टिस यांनी १९९४ मध्ये, जिनिव्हातील सर्न या संशोधन संस्थेत भरलेल्या पहिल्या जागतिक वेब परिषदेत केले. तेच यंत्र आणलेल्या पानांच्या प्रती जपून ठेवू शकते, हा लाभही त्यांनी दाखवला होता. आपला ३१२८ हा क्रमांक पाहता, आपल्याकडे बहुधा ‘स्क्विड’ हे सॉफ्टवेअर असावे. त्याचा तो ठरलेला पोर्ट आहे.

राउटरचा प्रश्न मात्र खरा कळीचा आहे. राउटर येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटवरील, म्हणजे माहितीच्या तुकड्यावरील, पत्ता बदलतो आणि ते पुढे धाडतो. आत कोणती मागणी आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. प्रॉक्सीच्या बाबतीत ब्राउझरची जोडणी प्रॉक्सीपाशीच संपते आणि प्रॉक्सी वेब सर्व्हरशी स्वतःची दुसरी जोडणी उघडतो. म्हणूनच साध्या एचटीटीपीमध्ये (वेब पाने मागवण्याच्या पद्धतीत) मागणीच्या पहिल्या ओळीत ब्राउझर थेट सर्व्हरला केवळ पानाचा मार्ग कळवतो, तर प्रॉक्सीला संकेतस्थळाच्या नावासह संपूर्ण पत्ता देतो. आपल्या सभेतल्या प्रॉक्सीला बोलता येत नाही. या प्रॉक्सीचे कामच बोलणे आहे.

रिव्हर्स प्रॉक्सी वेब सर्व्हरच्या दारात उभा असतो आणि त्याच्या वतीने पाहुण्यांच्या मागण्या स्वीकारतो. ‘एनजिन्क्स’ हे सॉफ्टवेअर या कामासाठी पुष्कळ ठिकाणी वापरतात. म्हणून टिपणात ‘प्रॉक्सी म्हणजे प्रतिनिधी’ एवढे लिहून थांबू नका; कोणाचा प्रतिनिधी, तेही लिहा.

प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. ‘आपल्या ब्राउझरच्या वतीने संकेतस्थळांशी बोलणारे कार्यालयातील यंत्र’ असे वाक्य योजले आहे. परंतु ते वाचून पहिली शंका हीच येईल की, बँकेच्या संकेतस्थळावर टाकलेला पासवर्ड या यंत्राला दिसतो का?

प्रतिसाद :

एचटीटीपीएस, म्हणजे एचटीटीपीचे सांकेतिक केलेले सुरक्षित रूप, असल्यास सहसा नाही. त्या वेळी ब्राउझर ‘कनेक्ट’ ही आज्ञा देऊन प्रॉक्सीला केवळ संकेतस्थळाचे नाव आणि पोर्ट कळवतो, आणि पुढचा सांकेतिक मजकूर प्रॉक्सी न वाचता पोहोचवतो. कोणत्या संगणकावरून कोणत्या संकेतस्थळाशी केव्हा संपर्क झाला, याची नोंद मात्र राहू शकते. कंपनीने संगणकांमध्ये स्वतःचे प्रमाणपत्र बसवले असेल, तर प्रॉक्सीला मजकूर उलगडूनही पाहता येतो. आपल्याकडे तसे केले आहे का, हे नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारून घ्यावे आणि जे उत्तर मिळेल ते टिपणात स्पष्ट लिहावे.