मदत हवी आहे : गावातल्या मुस्लिम किशोरांच्या अभ्यासासाठी प्रश्नावली

नमस्कार मंडळी. मी अकोला जिल्ह्यात, बाळापूरजवळच्या एका गावात शिक्षिका आहे. नोकरी सांभाळून मानसशास्त्रात एम.ए. करतेय. लघुप्रबंधासाठी गावातल्या मुस्लिम घरांतली १२ ते १५ वयाची मुलंमुली निवडली आहेत.

अडलंय प्रश्नावलीवर. माझे मार्गदर्शक गुडमन या मानसोपचारतज्ज्ञांची १९९७ ची २५ विधानांची प्रश्नावली सुचवतात; मुलांच्या भावना-वर्तनातल्या अडचणी आणि बलस्थानं तिच्यातून तपासतात. तिचं उर्दू भाषांतर आहे, पण आमची पोरं घरी दखनीत वऱ्हाडी मिसळून बोलतात. छापील उर्दू त्यांना पुस्तकी वाटते, मग उत्तरंही पुस्तकीच येतात. बोलीत शब्द बदलले, तर प्रश्नावली तीच राहते का? उलट भाषांतर करून, म्हणजे बोलीतलं परत मूळ भाषेत आणून, तपासणं पुरेल का?

दुसरा पेच पालकत्वाचा. मानसशास्त्रज्ञ बाउमरिंड यांची पालकत्वाच्या शैलींची (हुकमी, समतोल, मोकळी) मांडणी अमेरिकेतल्या कुटुंबांवरून आलेली. इथं दादी, बडे अब्बा, फुफी सगळेच दटावतात आणि जवळही घेतात. मानसशास्त्रज्ञ ड्वेरी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आठ अरब समाजांतल्या किशोरांचा अभ्यास मांडला; त्यात कडक शिस्तीमुळं मानसिक स्वास्थ्य बिघडतंच असं दिसलं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. पण धर्म एक म्हणून अरब घर आणि कापूस वेचायला जाणारं वऱ्हाडी घर एकाच मापानं कसं मोजायचं?

रमजानमध्ये सहरीसाठी उठल्यानं झोप बदलते, म्हणून तो महिना टाळणार आहे. बरोबर ना?

पालकांची संमती घेतेय, मुलांनाही वेगळं विचारतेय. मुलींशी घरात एकांतात बोलणं मात्र जमत नाही. असं काम केलेल्या कुणी मार्ग सांगाल का?