‘सगळे पेशंट सारखेच’ एवढ्याने भागत नाही

वरच्या प्रतिसादात म्हटलंय की नर्सला सगळे पेशंट सारखेच असतात, मग समलैंगिक रुग्णांसाठी वेगळं प्रशिक्षण कशाला? हेतू चांगला आहे, पण मला हे पटत नाही. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या २०१२ च्या आचारसंहितेत लैंगिक कलावरून सेवेत भेद नको असं स्पष्ट लिहिलंय. अडतं ते रोजच्या कामात. केस पेपर भरताना थेट "मिस्टर काय करतात?" असं विचारलं, की जिची जोडीदार स्त्री आहे ती तिथेच गप्प होते. पुढे खरी माहिती मिळतच नाही. त्यात पुरुषाशी संबंध नाही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी नको, असा गैरसमजही असतो. प्रत्यक्षात हा कर्करोग ज्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू दोन स्त्रियांमधल्या संबंधातूनही पसरतो, त्यामुळे तपासणी त्यांनाही लागतेच!

आणखी एक, ज्यावर इथे अजून कुणी बोललं नाही: ड्यूटी बदलतानाचा हँडओव्हर, म्हणजे पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देणं. पेशंटने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तिथे चारचौघांत, कधी हसत हसत, पुढे जाते. उपचारासाठी गरज नसेल तर ती सांगायचीच नाही, आणि सोबतची नर्स थट्टा करू लागली तर तिला तिथल्या तिथे काय म्हणायचं, याचा तोंडी सराव करून घ्यायला हवा. नवख्या मुलीला सीनियर सिस्टरसमोर ते वाक्य आयत्या वेळी सुचत नाही, नुसतं व्याख्यान ऐकून तर नाहीच. आणि त्या सरावाला सीनियरनाही बसवा.